साक्ष कुणापुढे

कर्वेनगर, पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. आणि सलाम, वि. वि.

तुमच्या नियमाप्रमाणे माहेरचा नमस्कार आणि सासरचा ख्रिस्ती सलाम दोन्ही घातले आहेत. माझं मागचं पत्र तुम्ही लाल पेनाने तपासून परत पाठवलंत, ते सृष्टीने फ्रिजवर चिकटवलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आजीने मम्माला नापास केलं. शाळेतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी तुमची मास्तरकी काही सुटत नाही!

खरं म्हणजे फोनच करणार होते. पण कंपनीच्या वकिलांनी बजावलंय की काही दिवस या विषयावर फोनवर चकार शब्द काढायचा नाही. म्हणून कागद घेतला.

आनंदच्या साइटवर सोमवारी अपघात झाला. सिंहगड रस्त्याला तळघराच्या पार्किंगसाठी मोठा खड्डा खणताहेत, ते तुम्हाला सांगितलं होतं. खडकवासल्याहून कालव्याला पाणी सोडलं की त्या खड्ड्यात झिरपतं, आणि रात्रंदिवस पंप लावून उपसावं लागतं. सोमवारी दुपारी खड्ड्याची एक बाजू खाली आली. नागोराव नावाचा एक मजूर आत होता, हिंगोलीकडचा. बाहेर काढेपर्यंत संपलं होतं. आनंद देखरेखीला वर काठावरच उभा होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

ठेकेदार बद्रीनाथ म्हणतो की तो माणूस प्यायलेला होता, कुणाला न विचारता आपणहून खाली उतरला. आनंदनेही पोलिसांना तसंच सांगितलं. त्यामुळे कंपनीवर किंवा आनंदवर काही येणार नाही, असं वकिलांचं मत आहे. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पण आनंद जेवत नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की ताडकन उठतो. काल सृष्टीने विचारलं की बाबा कुणावर रागावलेत, तर हा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. खडकीच्या चर्चमधल्या मंडळींना कळल्यावर सगळ्यांनी ठरवलंय की २३ तारखेला उपासनेनंतर, तो वाचला म्हणून देवाची उपकारस्तुती करायची. बाहेरून कुणी मोठे उपदेशक येणार आहेत. त्याने बरं वाटेल त्याला.

आक्कामावशींची पाठ कशी आहे? त्यांना सोडून तुम्हाला निघता येणार नाही हे कळतं, पण आत्ता तुम्ही इथे हव्या होतात. प्रार्थना करा. तुमची माया आहेच, ती या आठवड्यात थोडी जास्त लागेल.

तुमची,
राजनंदिनी

---

नगर
१७ फेब्रुवारी

चि. सौ. राजनंदिनी हिस,
प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोहोचलं. या वेळी तीनच चुका. ‘उतरला’मधला ‘उ’ ऱ्हस्व काढलास, म्हणजे प्रगती आहे. सृष्टीला सांग, आजी वरच्या वर्गात घालणार आहे मम्माला.

आक्काच्या पाठीची जखम भरत आली आहे. कूस बदलताना मला शिव्या देते, त्यावरून प्रकृती सुधारते आहे असं समजायचं. पलीकडच्या घरातून पेरू आले आहेत, पण ते पुण्याला पोहोचेपर्यंत त्यांचा मुरंबा होईल.

आनंद वाचला, प्रभूचे उपकार. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पण राजू, त्यात एक गोष्ट मला सापडली नाही. त्या नागोरावच्या घरी कोण आहे? बायको, लेकरं, आईवडील? आनंद त्यांना भेटून आला का? एकाच खड्ड्यापाशी दोघं होते. एक घरी आला, एक नाही आला. मग उपकारस्तुतीत पहिलं नाव त्या न आलेल्याचं निघायला हवं. पाळकसाहेबांना तसं सांग.

आणखी एक. आनंदचे वडील दारूगोळा कारखान्यात होते तेव्हा एकदा तिथे अपघात झाला होता. वाचलेली माणसं घरी आली की ढसाढसा रडायची, भराभरा बोलायची, तेच तेच पुन्हा सांगायची. गप्प बसलेला मी एकही पाहिला नाही. आनंद गप्प का आहे?

मी शंकेखोर म्हातारी आहे. माझं ऐकून घाबरू नकोस. पण त्याला नुसतं जेवायला लावू नकोस, बोलायला लाव.

इथल्या दोन्ही म्हाताऱ्यांचा जीव तुम्हा तिघांत अडकला आहे, हे विसरू नये.

तुझी आई,
प्रेमला

---

कर्वेनगर
२४ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

आज चुका मोजू नका.

शनिवारी आनंद साइटवर असताना दाराची बेल वाजली. दारात एक बाई आणि एक पागोटं घातलेले म्हातारे. बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. ती नागोरावची बायको होती, गोदाबाई. पत्ता साइटवरच्या कुणीतरी दिला होता. मी आत या म्हणाले. ते दोघं पायरीवरच बसले. मला वाटलं, पैसे मागायला आलेत. मनातल्या मनात मी आकडासुद्धा ठरवला होता, आई. लाज वाटते सांगायला.

तिने पैशाचं नावही काढलं नाही. तिने एवढंच विचारलं की साहेब त्या वेळी तिथे होते, तर नवऱ्याच्या तोंडाला वास होता का, हे साहेबांना विचाराल का. नागोराव माळकरी होता. म्हातारे त्याचे वडील, तेही माळकरी. गावाकडे बातमी पोहोचली की पोरगा दारू पिऊन मेला. भावकीतली माणसं म्हणाली की माळ घालून शहरात हे धंदे करत होता आणि बायको लपवत होती. म्हातारे सुनेकडे तोंड करूनही बसले नव्हते. शवविच्छेदनाचा पक्का अहवाल यायला महिने लागतील म्हणे. तोवर ती कुठल्या तोंडाने घरी जाणार? मी विचारते म्हणाले. चहा दिला, तो म्हाताऱ्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी आनंदला सांगितलं. तो म्हणाला, उद्या बोलू.

रविवारी खडकीला गेलो. ते उपदेशक फार छान बोलले. म्हणाले की माणूस स्वतःच्या कर्माने कधीच शुद्ध होत नाही, कृपा ही फुकट मिळते, हात पुढे करायचा एवढंच. मग विचारलं की कुणाला साक्ष द्यायची आहे का. आनंद उठला. पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि इतका रडला की लहान मुलं घाबरली. मी मोठा पापी आहे, पण प्रभूने मला धुतलं, एवढंच बोलला. काय पाप, ते नाही सांगितलं. लोकांनी मिठ्या मारल्या. आल्याचा चहा आणि केक झाला. मीही रडले.

घरी येऊन त्याने मला सांगितलं. नागोराव प्यायला नव्हता. आपणहून उतरलाही नव्हता. आनंदने त्याला उतरवलं. वरच्या कडेला भेग पडली होती, ती आनंदने सकाळीच पाहिली होती आणि बद्रीनाथला दाखवलीही होती. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं, पंप गाळात अडकला होता, बद्रीनाथ म्हणाला की नखरे नकोत, पंप काढा. आनंदने नागोरावला खाली पाठवलं.

सांगून झाल्यावर तो शांत झोपला, आई. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. उठल्यावर म्हणाला की आता प्रभूने हे मागे टाकलंय, आपणही टाकू. गोदाबाईला काय सांगू विचारलं, तर म्हणाला की काही सांगू नकोस.

६ मार्चला पोलीस ठाण्यात त्याचा सविस्तर जबाब आहे. वकिलांनी तो पाठ करून घेतलाय. खरं सांगितलं तर कलम वाढेल, अटक होईल, जामीन लगेच मिळेल असं नाही. आज सकाळी बद्रीनाथ पेढे घेऊन आला. सृष्टीच्या गालाला हात लावून म्हणाला, हिची स्कूलबस कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी थांबते ना, आमची माणसं असतात तिकडे, काळजी नको. हसत हसत म्हणाला. पेढे मी कचऱ्यात टाकले.

मी तुमच्यातली नाही, बाप्तिस्मा घेतलेला नाही. पण तुमच्या देवळात मला एका गोष्टीचा हेवा वाटायचा, की कबूल केलं की माणूस सुटतो. आमच्याकडे कर्म जन्मोजन्मी पाठ सोडत नाही. मग आता हे खरंच सुटलं ना? तुम्ही शास्त्र जाणता. तुम्ही त्याला लिहा की सुटलं, म्हणजे मलाही झोप लागेल. मला घर हवंय, आई. मला माझा नवरा संध्याकाळी घरी हवाय.

तुमच्या पदराखाली आहोत, तेवढं असू द्या.

राजनंदिनी

---

नगर
२७ फेब्रुवारी

चि. आनंद यास,
आशीर्वाद. वि. वि.

राजूने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नकोस. एवढं ओझं एकटीने उचलायला ती हमाल नाही.

तू संडेस्कूलमध्ये दरवर्षी दावीद राजाची गोष्ट सांगतोस. राजाने आपल्या एका शिपायाची बायको घरात आणली, आणि पाप उघडं पडू नये म्हणून त्या शिपायाला, उरीयाला, लढाईत नेमकं तिथे उभं करायला लावलं जिथे तो मरणारच होता. कागदोपत्री शत्रूने मारला. मग संदेष्टा नाथान आला, त्याने राजाला तोंडावर सांगितलं की तो माणूस तूच. राजा रडला, देवाने क्षमा केली. इथे तू गोष्ट संपवतोस आणि मुलांना गोळ्या वाटतोस.

मी चाळीस वर्षं शाळेत काढली. मला ती गोष्ट तिथे संपलेली कधीच वाटली नाही. पश्चात्तापाच्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की मी फक्त तुझाच अपराधी आहे. ते गाताना दरवेळी मी त्या ओळीला थांबते. फक्त तुझाच? आणि उरीया? उरीयाला आई असेल. तिला कुणी जाऊन सांगितलं का की तुझा मुलगा कसा मेला? शास्त्र त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. पण दावीदाच्या घराचं पुढे काय झालं ते शास्त्राने लपवलेलं नाही. क्षमा झाली, आणि तलवारही घरातून हलली नाही.

उरीयाला मेल्यावर निदान दारुड्या तरी कुणी म्हटलं नव्हतं.

प्रभूने सांगितलंय, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. तू उलट केलंस. खडकीत अर्पण वाहून आलास, मिठ्या घेतल्यास, केक खाल्लास, आणि भाऊ पायरीवर बसलाय. मराठीत साक्ष हा शब्द देवळातही चालतो आणि पोलीस ठाण्यातही. तू सोप्या ठिकाणी दिलीस.

गोदाबाईला खरं कळेपर्यंत देवळातल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू नकोस. आणि ६ तारखेला पाठ केलेलं बोलून आलास, तर ते लपवून माझ्याकडे येऊ नकोस.

तुझी,
आई

---

कर्वेनगर
१ मार्च

ती. आईस,
सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. आरोपपत्र म्हणतो मी त्याला. कलमं शास्त्रातली, फिर्यादी आई.

तुला सोपं आहे. नगरला बसून लाल पेनाने माझा जन्म तपासायचा. तुला ठाऊक आहे का कोठडी म्हणजे काय? राजूची नोकरी कंत्राटावर आहे. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. बद्रीनाथ सृष्टीच्या बसस्टॉपचं बोलून गेला, ते तू वाचलंस ना? त्यावर तुझ्या पत्रात एक शब्द नाही. उरीयाच्या आईची काळजी आहे. माझी आई कुठे आहे?

आणि तुला वाटतं मी केक खाऊन मोकळा झालो? मग ऐक. हे राजूलाही सांगितलेलं नाही.

नागोराव उतरायला कचरला होता. कडेची माती ओली आहे, साहेब, उद्या सकाळी काढू, असं म्हणाला. मी म्हणालो, गळ्यात माळ आहे ना, मग भितोस कशाला. चेष्टेत म्हणालो. बाकीचे हसले. तोही हसला आणि उतरला. मला माहीत होतं, आई, तो माळकरी आहे. रोज पाहत होतो ती माळ. आणि संध्याकाळी पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो की प्यायला होता.

खडकीत गुडघे टेकले तेव्हा मी नाटक केलं नाही. मला खरंच वाटलं की कुणीतरी छातीवरचा दगड काढला. ती एक गोष्ट उरली आहे माझ्याकडे. ती पण तू काढून घेतेस. तुझं खरं असेल तर मग कृपा म्हणजे काय? आधी तुरुंगात जाऊन ये, मग क्षमा, असंच ना? मग ती कृपा कसली, तो तर कायदाच झाला. तो पोलिसांकडेही मिळतो.

६ तारखेला मी वकील सांगतील तेच बोलणार. माझ्या लेकरासाठी. तुझ्याकडे येणार नाही. तुझीच अट आहे.

मावशीला सलाम. तब्येत जप. बाकी काय लिहू.

आनंद

---

नगर
३ मार्च

चि. आनंद,
माझ्या बाळा, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी आक्काला वाचून दाखवलं. नाही म्हणायला तीच एक उरली आहे मला रागे भरायला. ती म्हणाली की प्रेमला, तू मास्तरीण म्हणून लिहिलंस, तुला उत्तर विद्यार्थ्याचं आलं, आता आई म्हणून लिही. तेव्हा हे आईचं.

माझी अट मी मागे घेते. ६ तारखेला तू काहीही बोल. खरं बोल, खोटं बोल, गप्प बस. नंतर नगरला ये. ताट वाढलेलं असेल. तू तुरुंगात गेलास तर मी तिथे येईन, आक्काला पलंगासकट आणावं लागलं तरी. बाहेर राहिलास तरी मी तुझीच आहे. हे तुला कमवायचं नाही. हे आहेच.

तू विचारलंस, मग कृपा म्हणजे काय. दोन दिवस मी तेच विचारते आहे. सापडलं असं नाही, पण जक्कय सारखा डोळ्यांपुढे येतो. तो लबाड जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. झाडावर चढून बसला होता. प्रभूने त्याला खालून हाक मारली की उतर, आज मी तुझ्या घरी राहणार. आनंद, तोवर जक्कयने काहीही कबूल केलं नव्हतं. एक अक्षरही नाही. प्रभू आधी गेला, त्याच्या हातचं खाल्लं. तुझं बरोबर आहे. कृपा आधीच येते. खडकीत तुझ्या छातीवरचा दगड निघाला तो खोटा नव्हता, मी त्याला खोटं ठरवायला नको होतं.

पण तो पाहुणा घरात आल्यावर जक्कयला बसवेना. कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला की ज्याला ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. ती किंमत नव्हती. किंमत आधी द्यावी लागते. हे नंतर झालं, घर भरल्यावर. मला एवढंच कळलं आहे, याच्यापुढचं नाही कळलं.

त्या चेष्टेबद्दल तू मला लिहिलंस. फार जड होतं ते, मला कळलं. पण ते सांगण्याची जागा मी नाही रे.

सृष्टीच्या बसबद्दल मी लिहिलं नाही, कारण मला इतकी भीती वाटली की पेन उचलेना. राजूला सांग, तिने रोज स्वतः न्यायला जावं. मला दुसरं काही सुचत नाही. मी काही धीराची बाई नाही.

जसा आहेस तसा माझा आहेस.

आई

---

कर्वेनगर
७ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. आणि सलाम, वि. वि.

काल फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं की आनंदने खरं सांगितलं आणि त्याला ठेवून घेतलं. आता सगळं सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र बुधवारी दुपारी आलं. त्याने उभ्यानेच वाचलं. मला वाटलं होतं फाडेल. त्याने ते माझ्या हातात दिलं आणि जेवायला बसला. दोन पोळ्या खाल्ल्या. मग मला त्या माळेच्या चेष्टेचं सांगितलं. मी त्याच्यावर ओरडले, आई. फार वाईट बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं की उद्या मी खरं बोललो तर तू काय करशील. मी म्हणाले की मला माहीत नाही, पण गोदाबाई पुन्हा पायरीवर आली तर तिच्याकडे बघायचं कसं तेही मला माहीत नाही. सृष्टीला रात्रीच माझ्या भावाकडे कोथरूडला पोहोचवलं.

सकाळी त्याने वकिलांना कळवलं की तुम्ही येऊ नका. बद्रीनाथचे फोन सुरू झाले, ते त्याने घेतले नाहीत. पोलीस ठाण्याबाहेर बद्रीनाथची गाडी उभी होती. काच खाली झाली, आत दोघं-तिघं होते. नुसते बघत राहिले. आनंदने माझा हात धरला, त्याचा हात माझ्याहून गार होता.

गोदाबाई आणि तिचे सासरे आत बाकावर होते, त्यांनाही बोलावलं होतं. आनंदने इन्स्पेक्टरांना सांगितलं की मागचा जबाब खोटा आहे. भेग, पंप, बद्रीनाथचं बोलणं, स्वतःचं बोलणं, सगळं. इन्स्पेक्टरांनी दोनदा विचारलं की याचा अर्थ काय होतो ते कळतंय का. तो हो म्हणाला.

मग तो म्हाताऱ्यांपुढे गेला. खाली बसला आणि म्हणाला की बाबा, तुमचा मुलगा प्यायला नव्हता, मी त्याला उतरवलं आणि मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. म्हाताऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले.

गोदाबाई उठली. ती म्हणाली की हे इथे सांगून काय उपयोग, गावात ज्यांनी तोंडं चालवली ती माणसं बाहेर झाडाखाली उभी आहेत, त्यांच्यापुढे सांगा. हवालदार नको म्हणत होता, इन्स्पेक्टरांनी जाऊ दिलं. बाहेर भावकीतले आणि साइटवरचे पंधरा-वीस जण होते. पलीकडे बद्रीनाथची गाडी. आनंद उभा राहिला आणि हळू आवाजात बोलला. ती म्हणाली की ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. ती म्हणाली की त्या मागच्यांना ऐकू आलं नाही. तेव्हा तो ओरडून बोलला, आई. नागोरावने दारूला शिवलं नव्हतं. माती ओली आहे म्हणाला होता, मी त्याच्या माळेची चेष्टा करून त्याला खाली धाडलं. हे शेवटचं बोलताना रडला, पण थांबला नाही. गाडीची काच वर गेली.

त्याने हात जोडून तिची क्षमा मागितली. ती म्हणाली की ते आज नाही. आज मला माझ्या माणसाचं नाव घरी न्यायचं आहे. बाकीचं मी बघीन, जमलं तर. तुम्ही त्याची वाट बघत बसू नका. मग त्याला आत नेलं.

मी झाडाखाली एकटी उभी राहिले. जायचं कसं, कळत नव्हतं. गाडी अजून तिथेच होती. तेवढ्यात गोदाबाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली की एकट्या जाऊ नका, ती माणसं चांगली नाहीत. दोन रिक्षा केल्या. एकीत आम्ही दोघी आणि तिची मुलगी, मागच्या रिक्षेत तिचे दीर आणि आणखी दोघं. रस्ताभर ती बाहेर बघत होती. मुलगी माझ्या मांडीवर पाय टाकून झोपून गेली.

बद्रीनाथला अजून पकडलेलं नाही. आनंदचा जामीन कधी होईल हे नवे वकील सांगू शकत नाहीत. माझ्या पगारावर हप्ता निभेल का, तेही दिसेल. तुमचं पत्र आनंदने बरोबर नेलंय, आत ठेवू देतील की नाही, ठाऊक नाही. आक्कामावशींना सांगा, त्यांचं ऐकलंत ते बरं केलंत. तुमच्या ताटाची आठवण ठेवा, त्याला वेळ लागेल, पण तो येईल.

घरापाशी उतरल्यावर मी गोदाबाईला वर या म्हणाले. ती नको म्हणाली. पाणीसुद्धा नको म्हणाली. दाराला आतून कडी घाला, एवढंच सांगितलं. संध्याकाळ झाली होती. वर येऊन मी कडी घातली, दिवा लावला आणि खिडकीतून खाली पाहिलं. झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन ती वर बघत उभी होती. माझ्या घरात दिवा लागलेला दिसला, तेव्हा ती वळली आणि चालू लागली.

तुमची,
राजनंदिनी